एदेलमिराचा पाय

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली, पाना आणि बाटली घेऊन. दुसरं वर, ड्रायव्हरच्या सीटवर, पेडल दाबायला. खालचा ओरडतो, “दाब!” वरचा दाबतो. “धर!” वरचा धरून ठेवतो. खालचा चाकामागची बारकी तोटी, म्हणजे निप्पल, उघडतो, नळीतून तेल आणि हवा फुसफुसत बाटलीत येते, निप्पल बंद होतं, मग “सोड!” असं चारही चाकांना, प्रत्येकी दहा-पंधरा वेळा. गाडी नीट झाली की नाव खालच्याचं होतं. वर कोण बसलं होतं ते कोणी विचारत नाही.

मी तीस वर्षं खालचा. सांतियागोत, तिवोलीच्या चढावर, आंब्याखाली रेनेरियोचं गॅरेज कुठे म्हणून विचारलंत तर कोणीही दाखवील. गॅरेज म्हणजे आंबा, दोन जॅक आणि एक पत्रा. पण गिऱ्हाईक तुटत नाही, कारण आमच्या भागात सपाट जमीन हवी असेल तर घरात जावं लागतं. इथे इंजिन नसलेली गाडीसुद्धा चालते. ब्रेक नसलेलीही चालते म्हणा, पण एकदाच, थेट बंदरापर्यंत.

या तीस वर्षांतली बावीस वर्षं माझ्या वर एदेलमिरा होती. समोरच्या घरातली शिवणकाम करणारी. आज तिच्याबद्दल सांगायचंय. माझी फजिती त्यात येणारच, त्याला इलाज नाही.

एदेलमिरा कॉफीच्या डोंगरातली पोर. चौदाव्या वर्षी मावशीकडे शहरात आली. मावशीने तिच्यापुढे पायमशीन ठेवली आणि म्हणाली, “बस.” ती जी बसली ती बसलीच. पुढे गणवेश शिवायच्या कारखान्यात वीस वर्षं काढली, नंतर घरी. मशीनच्या पायपट्टीवरून तिला कळायचं की सुई कापडाच्या किती घड्यांतून चाललीय, दोरा कुठे अडतोय, पट्टा कधी तुटणार आहे. हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. कोण विचारणार? उद्या कोणी म्हणालं की माझ्या कोपराला सगळं कळतं, तर आपण काय करू? डॉक्टरचा पत्ता देऊ.

बावीस वर्षांपूर्वी मी एका जुन्या ब्यूक गाडीखाली होतो आणि वर माझा मेव्हणा. तो “धर” म्हटलं की सोडायचा आणि “सोड” म्हटलं की गाणं म्हणायचा. तिसऱ्यांदा तेल डोळ्यांत उडालं तेव्हा मी त्याच्या आईचा उद्धार केला. त्याची आई म्हणजे माझी सासू, आणि ती मागे दारातच उभी होती. माझं दुपारचं जेवण तिथेच बुडालं. समोरच्या खिडकीत एदेलमिरा मशीनवर पडून हसत होती.

आमच्याकडे शेजारणीला कोमाय म्हणतात आणि शेजाऱ्याला कोंपाय, मग नातं असो वा नसो.

“हसतेस काय, कोमाय? ये ना, तूच दाब!” मी ओरडलो.

ती खरंच आली. चपला पायरीवर काढल्या, अनवाणी गाडीत चढली आणि पेडलवर पाय ठेवून म्हणाली, “हं. सांग, शहाण्या.” तिने दाबलं म्हणजे दाबलं, धरलं म्हणजे धरलं. अर्ध्या तासात चारही चाकं झाली. मी हात पुसत उठलो, तर बाई सीटवरून हलेना.

“मागचं उजवं अजून रडतंय,” ती म्हणाली.

“कोमाय, मी आठ वर्षं ब्रेक करतोय.”

“कर की. मागचं उजवं रडतंय.”

तिला खोटं पाडायचं म्हणून मी चाक काढलं. आत सिलिंडरचा रबर फाटलेला, तेल थेंब थेंब झिरपत होतं. त्या दिवसापासून मी तिच्याशी ब्रेकच्या बाबतीत वाद घातला नाही. म्हणजे घातला, रोज घातला, पण जिंकलो नाही.

हळूहळू बोभाटा झाला. खालच्या बाजूला, बंदराच्या रस्त्यावर, एलादियोचं गॅरेज आहे. तो माझा प्रतिस्पर्धी, माणूस आढ्यताखोर. तोसुद्धा चढ चढून यायचा आणि तिच्या दारात टोपी काढून विचारायचा, “पाय आहे का घरी?” ती मशीन थांबवून जायची. बदल्यात कॉफी, कधी केळ्यांचा घड, कधी शिवणाच्या मशीनचं तेल. तिच्या दोन अटी असायच्या. गाडीच्या मालकाने लांब जाऊन बसायचं, आणि खालच्याने गाडीला शिव्या द्यायच्या नाहीत. माणसांना दिल्या तर चालतील. शेवटी ती पेडल एकदा सावकाश दाबायची, डोळे मिटून, आणि म्हणायची, “बसला.” तिने “बसला” म्हटल्याशिवाय आमच्याकडे कोणी उतारावर गाडी काढत नसे. बावीस वर्षांत तिचा शब्द चुकल्याचं मला आठवत नाही.

तिचा नवरा उबाल्दो. भला माणूस, बोलायला मोजका, हसायला मोकळा. त्याची त्रेपन्नची प्लिमथ, रंग म्हणाल तर मूळचा निळा, आता जिथे जो मिळाला तो. या गाडीत शेअर टॅक्सीची माणसं भरून तो चाळीस वर्षं याच उताराने वर-खाली करत होता. गेल्या वर्षी त्याच्या डोळ्यांचं बिनसलं. कडेकडेचं दिसतं, पण बरोबर नाकासमोरचं नाही. समोर कोणी उभं राहिलं की तो मान वाकडी करून, कोंबड्यासारखा एका डोळ्याने बघतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गाडी बंद. लायसन परत करून आला त्या दिवशी तो कोणाशी बोलला नाही. मग रोज जेवण झालं की गाडीत जाऊन बसायला लागला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी जागच्या जागी. आम्ही डोमिनो खेळायला हाका मारायचो. तो हात हलवायचा आणि बसून राहायचा.

एके दिवशी तोच म्हणाला, “उभी गाडी म्हणजे आजारी माणूस. जो हिंडवील त्याला देऊन टाकू.” ओल्गीन शहरातला ओस्मानी म्हणून एक जण होता, लग्नाच्या वरातींना जुन्या गाड्या पुरवणारा. तो कधीपासून मागे लागला होता.

एदेलमिरा शर्टाला बटण लावत होती. दोरा दाताने तोडून ती म्हणाली, “मी चालवीन.”

उबाल्दो हसला. फूटपाथवर डोमिनोला बसलेले सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो, हे मला लिहावंच लागेल.

“हसा,” ती म्हणाली. “बावीस वर्षं ड्रायव्हरच्या सीटवर बसलेय मी. गाडी तेवढी हलली नाही.”

ठरलं असं. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी तिची लायसनची परीक्षा. पास झाली तर प्लिमथ घरी राहणार. नापास झाली तर रविवारी ओस्मानी येऊन घेऊन जाणार. उबाल्दोने शब्द दिला होता आणि त्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मला ती एकदा हळूच म्हणाली, “रेनेरियो, मला गाडीचं काही नाही रे. पण ती गेली तर हा माणूस कुठे बसेल संध्याकाळी? खुर्चीत? खुर्चीत बसला की संपला तो.”

एकसष्टाव्या वर्षी ती शिकायला लागली. बंदराजवळच्या मोकळ्या मैदानात, शेजारी उबाल्दो मान वाकडी करून. पहिले दोन दिवस गाडी बेडकासारखी उड्या मारत होती. मग डावा पाय क्लचला सरावला, उजव्याला तर कोणी काही शिकवायची गरजच नव्हती. आठवड्याभरात ती अशी चालवायला लागली की उबाल्दोला ओरडायला कारण मिळेना आणि तो त्यावरूनच ओरडायला लागला.

आणि नेमके तेव्हाच पुढचे दोन्ही ब्रेकचे ड्रम तडकले. सत्तर वर्षांचं लोखंड, त्याने तरी किती सोसावं? तसले ड्रम आता कुठे मिळणार? एका निवृत्त मास्तरांची रशियन लाडा गाडी गंजून पडली होती. एदेलमिराने त्यांच्या अख्ख्या घराचे पडदे शिवून दिले आणि त्या लाडाचे पुढचे डिस्क ब्रेक आणले. ते प्लिमथला बसवायचं काम माझं. जाड पत्रा कापून पट्ट्या केल्या, भोकं पाडली, वॉशर घातले. शेवटी एकच अडचण उरली, तेलाच्या नळ्या पुरेनात. दोन बोटं कमी. नवी नळी आणायची कुठून? मी विचार केला आणि मला सुचलं. डाव्याचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग, उजवीकडे लावला आणि उजव्याचा डावीकडे. नळ्या बरोबर पोचल्या. ब्रेकला काय कळतंय डावं-उजवं! मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या संध्याकाळी रमचे दोन जादा घोट घेतले. शिवाय आणखी एक फायदा झाला. हवा काढायचं निप्पल आता खाली तोंड करून आलं होतं. मनगट वाकवायला नको, तेल आपोआप बाटलीत. असं सोयीचं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

हवा काढली. एदेलमिराने पेडल दाबलं. ते खाली गेलं, आणखी खाली गेलं आणि फळीला टेकायच्या आधी कसंबसं थांबलं.

“काय वाटतं?” मी खालून विचारलं.

“उकडलेल्या रताळ्यावर पाय दिल्यासारखं.”

दोनदा-तीनदा भरभर दाबलं की पेडल वर यायचं आणि गाडी थांबायची. मैदानात चालून जात होतं. पण परीक्षा घेणारा लेफ्टनंट सगळ्या शहराला माहीत होता. वाळलेला, शिस्तीचा. भर उतारात एकदम डॅशबोर्डवर तळहात आपटायचा, थाप ऐकली की एका दाबात गाडी उभी राहिली पाहिजे. दुसऱ्यांदा दाबलं तर तो वहीत रेघ मारायचा, आणि ती रेघ मारली की पुढची तारीख सहा महिन्यांनी. रविवारचा ओस्मानी सहा महिने थोडाच थांबणार होता!

पुन्हा हवा काढली. पुन्हा रताळं. ब्रेक ऑइल संपलं, मग आम्ही घरी केलं, एरंडेल आणि स्पिरिट. लहानपणी एरंडेल बघून पळायचो, आता त्यासाठी अर्धं शहर पालथं घातलं. एलादियो चढ चढून आला, गाडीखाली न वाकताच म्हणाला, “मास्टर सिलिंडरचा रबर गेलाय.” रबर बदलला. रताळंच. मग तो म्हणाला, “मागचे लायनर सैल आहेत.” तेही आवळले. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने पाद्रीबाबांना बोलवा असं सुचवलं. आमच्या रस्त्यावर मेकॅनिक नाही असा माणूस नाही. फक्त कोणाच्या हाताला तेल लागलेलं नसतं इतकंच. तीन आठवड्यांत आम्ही अकरा वेळा हवा काढली. दर वेळी शेवटी ती डोळे मिटून पेडल दाबायची आणि मी श्वास धरून पडून राहायचो. दर वेळी ती म्हणायची, “नाही बसला.” अख्ख्या गावाचे ब्रेक पास करणारी बाई, आणि घरची गाडी तिच्या पायाखाली नापास.

परीक्षेच्या आधीचा गुरुवार. दुपारची वेळ, ऊन असं की आंब्याखालीही पाना हातात धरवेना. अकरावी खेप नुकतीच वाया गेली होती.

“रेनेरियो,” ती वरून म्हणाली, “हवा पुढे आहे. दोन्ही चाकांत.”

“पुढचं नवं आहे!”

“हो.”

“पुढचं मी बसवलंय!”

“म्हणूनच म्हणतेय.”

मी गाडीखालून बाहेर आलो. तीन आठवड्यांचा घाम, एरंडेलाचा वास आणि त्यावर हे. मी म्हणालो, “कोमाय, पाय हलवायला काय जातं तुझं? वर बसून हुकूम सोडणं सोपं असतं. खाली येऊन बघ एकदा, पाठीचा काटा ढिला होतो!”

 डोमिनोच्या टेबलावर हातातल्या सोंगट्या हातातच राहिल्या. आत उबाल्दोने रेडिओ बारीक केला. मला वाटलं, आता ही चपला घालून घरी जाईल, आणि माझ्या तोंडाने गाडी ओल्गीनला जाईल. ती उतरली, घरात गेली.  दोन मिनिटांत परत आली, अंगात उबाल्दोची जुनी विजार, केसांना फडकं.

“ऊठ,” ती म्हणाली. “तू वर बस.”

ती गाडीखाली शिरली, बाटली आणि पाना घेऊन. तीस वर्षांत पहिल्यांदा मी हवा काढताना सीटवर बसलो.

“दाब!” खालून आवाज. मी दाबलं.

“किती गेलं?”

“गेलं… जरा.”

“जरा म्हणजे? तुला पाय आहे की ओंडका? धर!”

मी धरलं. खरं सांगतो, मला काही कळलं नाही. पेडल होतं, त्यावर माझा बूट होता, मधे काय चाललंय याचा पत्ता नाही. त्या पेडलमधून ही बाई बावीस वर्षं काय काय ऐकत होती, देव जाणे. मला माझीच लाज वाटायला लागली. ती पुढच्या चाकाशी होती.

“कोमाय? सोडू का?”

खाली पाना खडखडला. मग तिचा आवाज आला, अगदी शांत.

“रेनेरियो, तेलात हवा अडकली तर ती कुठे जाते रे? वर की खाली?”

“वर. हे काय विचारणं झालं?”

“मग तू हे भोक खालच्या बाजूला का ठेवलंयस?”

मी पेडल धरून बसलो होतो.  डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, म्हणजे दोन्ही कॅलिपर उलटे. निप्पल तळाशी. वरच्या पोकळीत हवा आरामात बसलेली आणि आम्ही तीन आठवडे खालून तेल काढतोय, एरंडेलाच्या बाटल्यांवर बाटल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि मी त्या निप्पलचं कौतुक केलं होतं, किती सोयीचं म्हणून!

 ती खालून सरपटत बाहेर आली, नाकाला तेल लागलेलं. माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं आता ही माझी सालटी काढणार, आणि काढली असती तर मी गप्प बसलो असतो. पण तिला हसू फुटलं. रस्त्यातच मांडी घालून बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. डोमिनोवाल्यांना काहीच कळलं नव्हतं, पण तेही हसायला लागले. मग मीही हसलो. दुसरं करणार काय?

“कोमाय, मगाशी बोललो ते…”

“ते राहू दे. पाठीचा काटा खरंच ढिला होतो रे. मला माहीत नव्हतं.”

नळ्या अजूनही दोन बोटं आखूडच होत्या, त्यामुळे दोन दिवसांत डाव्या-उजव्याची अदलाबदल जमणार नव्हती. पण युक्ती होती. कॅलिपर खोलायचा, रबरी नळीवर लोंबता ठेवायचा, निप्पल आभाळाकडे करून हातात धरायचा आणि तशीच हवा काढायची. मधे डिस्कच्या जागी लाकूड घालायचं, नाहीतर पिस्टन बाहेर उडतात. लाकूड हव्या त्या जाडीचं मिळेना. तेवढ्यात उबाल्दो पुढे आला, त्याने डोमिनोच्या पेटीचं झाकण बोटांनी चाचपलं आणि माझ्या हातात दिलं.

“हे बरोबर बसेल,” तो म्हणाला. “खेळ परीक्षेपर्यंत बंद.”

खेळणाऱ्यांनी कुरकुर केली, पण ती वरवरची.

एदेलमिरा पुन्हा वर, अनवाणी. मी कॅलिपर उलटा धरला. “दाब! धर!” निप्पल उघडलं आणि बाटलीत असे बुडबुडे आले, असे आले की भाताचं पातेलं उतू जातंय असं वाटावं. कोणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्या चाकालाही तेच. तीन आठवड्यांची हवा पंधरा मिनिटांत बाहेर पडली. सगळं परत जागेवर बसवलं. मग ती एकटी सीटवर. डोळे मिटले. पाय ठेवला, सावकाश दाबला. आम्ही सगळे दारापाशी. पेडल इंचभर गेलं आणि थांबलं, भिंतीला टेकल्यासारखं.

तिने डोळे उघडले नाहीत.  मग म्हणाली, “बसला.”

मी तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं, एरंडेलासकट. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे माझ्या बायकोलाही माहीत आहे.

शनिवारी सकाळी अख्खा रस्ता बाहेर होता. प्रत्येक जण काहीतरी काम करत असल्याचं दाखवत होता. एक जण तोच खांब तिसऱ्यांदा रंगवत होता. चौकात मोठ्या हंड्यात सूप शिजत होतं, डुकराचं मांस, मका, रताळी, केळी, ज्याच्या घरून जे आलं ते. उबाल्दो म्हणाला होता, पास झाली तर आनंदाने खाऊ, नापास झाली तरी खाऊ. आणि नऊ वाजता ओस्मानी हजर झाला, एक दिवस आधीच, इस्त्रीचा शर्ट घालून. कोणी त्याला वाईट बोललं नाही. पण खुर्चीही दिली नाही.

एदेलमिराने स्वतः शिवलेले कापडी बूट घातले होते, तळ पातळ, कागदासारखा. लेफ्टनंट शेजारी बसला. त्याने बुटांकडे बघितलं, मग पेडलकडे. गाडी वर गेली, वळली, दिसेनाशी झाली. उबाल्दो फूटपाथच्या कडेला उभा, मान वाकडी. “काय चाललंय?” तो विचारायचा. “दिसत नाही,” आम्ही म्हणायचो. “तुम्हालाही?” तो म्हणायचा.

मग प्लिमथ वरच्या टोकाला आली आणि उताराला लागली. दुसऱ्या गिअरमध्ये, धीमी, नीट. बेकरीच्या थोडी वर असताना काचेतून मला लेफ्टनंटचा हात उचललेला दिसला.

थाप आम्हाला रस्त्यावर ऐकू आली. गाडी उभी राहिली. नुसती उभी राहिली नाही, खिळा ठोकल्यासारखी उभी राहिली. लेफ्टनंटची टोपी डोक्यावरून निघाली आणि समोरच्या काचेवर आपटली.

 हंड्याखालचं लाकूड तेवढं तडतडलं. लेफ्टनंटने टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली, वही उघडली आणि काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होता, जणू सासरी पत्र लिहितोय. मग कागद फाडून तिच्या हातात दिला, उतरला आणि दार लावताना म्हणाला, “बाई, तीस वर्षांत माझी टोपी कोणी पाडली नव्हती.” तिथून तो सरळ हंड्याकडे गेला आणि वाटी मागितली. तेव्हा आम्हाला कळलं.

जो आरडाओरडा झाला त्याचं वर्णन करत नाही. बंदरावरच्या बोटींनी भोंगे दिले असं बेकरीवाला सांगतो, पण तो काहीही सांगतो.

उबाल्दो गाडीकडे गेला. सवयीने डाव्या दाराशी, ड्रायव्हरच्या. हात मुठीवर ठेवला आणि तसाच उभा राहिला. एदेलमिरा आत बसली होती, काच खाली होती, दोघांत वीतभर अंतर.  मी दुसरीकडे बघितलं, बघवेना. मग त्याने मूठ सोडली, बॉनेटवर हात टेकत टेकत गाडीला वळसा घातला आणि उजव्या बाजूने आत बसला. गाडी उताराने खाली निघाली. वळणावर तिने हॉर्न वाजवला, गरज नव्हती तरी.

तासभर आले नाहीत. ओस्मानीला एव्हाना खुर्ची मिळाली होती आणि त्याने दोन वाट्या सूप संपवलं होतं. तो म्हणाला, “गाडी छानच आहे हो, पण ती बाई माझ्या वरातीत आली तर नवरा-नवरी काचेवर आपटतील.” मला तो माणूस तेव्हापासून आवडायला लागला.

परत आले तेव्हा उबाल्दो उतरून सरळ डोमिनोच्या टेबलाशी आला. झाकण मी परत दिलं होतं, खेळ सुरू होता. कितीतरी महिन्यांनी तो त्याच्या जागी बसला. सोंगट्यांना हात लावला नाही.

“रेनेरियो,” तो म्हणाला, “तुला ठाऊक आहे, या उतारावरून खाडी दिसते?”

“कोंपाय, चाळीस वर्षं तू रोज दहा वेळा…”

“चाळीस वर्षं मी रस्ता बघत होतो. समोरचा ट्रक, कुत्री, सायकली.” त्याने उजव्या कानाशी हात नेला. “इथून, कडेने. घर गेलं की निळं, घर गेलं की निळं. खाली बंदरापर्यंत. सगळी दिसली मला. समोरचं नसेल दिसत, पण ती तर कडेलाच आहे.”

 मी वळून पाहिलं. एदेलमिरा हंड्यापाशी सूप वाढून घेत होती.

“कोमाय,” मी विचारलं, “खरंच एवढी सुंदर दिसत होती का गं खाडी?”

“मला काय विचारतोस?” ती म्हणाली. “मी गाडी चालवत होते.”